गूज फील्डची परवानगी

एनिड टॅप्ली ही मुळातच भित्री बाई. पोस्टमननं दार जरा जोरात ठोठावलं तरी हिच्या छातीत धस्स व्हायचं. शाळेत पोरांना जेवण वाढायच्या नोकरीत सव्वीस वर्षं काढली, पण मुख्याध्यापिका आत शिरली की हातातला डाव थरथरायचा आणि बटाट्याचा लगदा कुणाच्या तरी बुटावर पडायचा. अशा बाईला एकोणऐंशीव्या वर्षी साक्षीदार म्हणून उभं करायचं बेरिल हॉजकिसच्या डोक्यात आलं. आणि बेरिलच्या डोक्यात एकदा काही आलं की ते बाहेर काढणारा माणूस मार्लकोटमध्ये अजून जन्मला नाही.

मार्लकोटला आता गाव म्हणतात ते तिथले म्हातारेच. बाकीच्यांना ते शहराच्या बारा नंबरच्या बसचा शेवटचा थांबा म्हणून ठाऊक. लोहाराच्या भट्टीत टायर बदलून मिळतात. गिरणीच्या जागी पेट्रोलपंप आहे. चर्च आहे, पण त्याच्या तीन बाजूंनी गाड्या धावतात आणि पाद्रीबाबांना प्रवचन करताना मध्येच थांबून ट्रक जाऊ द्यावा लागतो. तरी तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून बघा, शहरात राहता का म्हणून. नाक असं वर जाईल की तुम्ही परत विचारणार नाही.

हे सगळं गावपण उरलं होतं एका जागेत, गूज फील्डमध्ये. अकरा एकर गवत, मध्ये एक तळं, कडेला ओकची झाडं. कोणे एके काळी गावाचे हंस, म्हणजे 'गूज', तिथं चरत. मग दोनशे वर्षांपूर्वी गार्बेट घराण्यानं कुंपण घातलं आणि मैदान त्यांचं झालं. पण गावानं ते मनावर घेतलं नाही. लोक कुंपणाच्या खिंडारातून जात राहिले, कुत्री फिरवत राहिले, पोरं तळ्यावर बर्फ धरला की घसरगुंडी करत राहिली. शेवटचा म्हातारा विल्फ्रेड गार्बेट दोन वर्षांमागे गेला. त्याची पुतणी हिलरी दूरच्या गावात राहणारी, तिनं मैदान बिल्डरला द्यायचं ठरवलं. बासष्ट घरं होणार, असा फलक लागला.

मग बेरिल कायदा घेऊन उभी राहिली. कायदा असा, की वीस वर्षं गावानं एखाद्या मोकळ्या जागेत उघडपणे, न भांडता आणि कुणालाही न विचारता वावर केला असेल, तर ती जागा गावाची म्हणून नोंदवता येते. नोंद झाली की मालकालाही तिथं वीट ठेवता येत नाही.

फॉर्म भरायला बेरिलच्या स्वयंपाकघरात नऊजण जमले होते. टेबलावर स्कोन नावाचे छोटे पाव, लोणी, चहाची किटली. बेरिल हातात चमचा घेऊन सगळ्यांच्या पाठीमागून मास्तरणीसारखी फिरत होती.

"अकरावा प्रश्न," ती म्हणाली. "'आपण कधी मालकाची परवानगी मागितली होती का?' नाही लिहा सगळ्यांनी. त्या खडूस म्हाताऱ्याकडे परवानगी मागायला कोण मरायला गेलं होतं?"

सगळे हसले. एनिडही हसली, आणि हसता हसता तिनं 'नाही' लिहूनही टाकलं.

"पण हे विचारतात कशाला?" निवृत्त पोस्टमन लेननं विचारलं.

"अरे, सगळी मेख तिथंच आहे. परवानगी काढून गेलो म्हणजे आपण पाहुणे झालो. पाहुण्याचा हक्क कसला डोंबलाचा? वकील म्हणाला, एकानं जरी गावाच्या वतीनं विचारलेलं असलं आणि म्हाताऱ्यानं हो म्हटलेलं असलं, तर खेळ खलास. वीस काय, दोनशे वर्षं पाण्यात."

एनिडनं हातातला अर्धा स्कोन परत बशीत ठेवला.

कारण तिनं विचारलं होतं. एकदा नाही, दर वर्षी, सलग बेचाळीस वर्षं.

त्याचं असं झालं. एनिड मूळची मार्लकोटची नाही. चौसष्ट साली शहरातल्या जुन्या चाळी पाडल्या तेव्हा नगरपालिकेनं तिला, नवऱ्याला आणि चार वर्षांच्या कॅरलला मार्लकोटच्या टेकडीवरच्या नव्या वसाहतीत आणून टाकलं. गावानं वसाहतीतल्यांना 'ते वरचे' म्हणून नाव ठेवलं आणि पुढची दहा वर्षं त्याच नावानं हाक मारली. आल्याच्या पहिल्या हिवाळ्यात कॅरल गूज फील्डमध्ये डेझीची फुलं असतात का बघायला गेली, तर म्हातारा गार्बेट काठी घेऊन अंगावर आला. तेव्हा तो म्हातारा नव्हता, चांगला धिप्पाड होता. "ए वसाहतीतले, चला निघा इथून," म्हणून ओरडला. गावची पोरं तिथंच खेळत होती. त्यांना एका शब्दानं बोलला नाही. कॅरल घरी आली ती चड्डी ओली करून.

दुसरी बाई असती तर त्याच्या दारात जाऊन भांडली असती. बेरिल असती तर काठी हिसकावून घेतली असती. एनिडनं काय केलं, तर मार्मलेड केलं, म्हणजे संत्र्याचा मुरंबा. जानेवारी होता, कडू संत्री बाजारात आली होती. एक बरणी भरली, वर कापड बांधलं आणि सोबत चिठ्ठी लिहिली. 'गार्बेट साहेब, गावातल्या मुलांना आणि आम्हा सगळ्यांना तुमच्या मैदानात येऊ द्यावं ही नम्र विनंती. आभारी आहे. ई. टॅप्ली.' फक्त माझ्या मुलीला येऊ द्या असं लिहायचा तिला धीर झाला नाही. आगाऊपणा वाटला असता. म्हणून तिनं सगळ्यांचं नाव घातलं, म्हणजे आपलं त्यात लपून जाईल.

चार दिवसांनी मैदानाच्या फाटकाच्या खांबावर रिकामी बरणी होती. धुऊन, पुसून, झाकण लावून. चिठ्ठीला उत्तर नव्हतं. पण त्यानंतर गार्बेट कॅरलवर कधी ओरडला नाही. पुढच्या जानेवारीत एनिडनं परत बरणी नेली, परत चिठ्ठी लिहिली, परत बरणी खांबावर आली. यंदा नाही दिली तर काठी परत निघेल, ही भीती काही जाईना. कॅरल मोठी झाली, लग्न करून गेली, एनिडचा नवरा वारला, तरी बरणी चालूच होती. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाव पोट धरून हसलं असतं.

आता हसायचं कुणाला सुचणार होतं?

त्या दिवसापासून एनिडची झोप उडाली आणि जेवणावरची वासनाही. बरं, लिहून दिलेलं 'नाही' परत कसं घ्यायचं? फॉर्म गेले होते. खाली सही होती, वर छापलं होतं की खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे. ती ओळ तिनं घरी आल्यावर डोळ्यांपुढे आणून आणून वाचली. पण गुन्ह्यापेक्षा तिला भीती होती ती बेरिलची, लेनची, दुकानातल्या रांगेची. पंचेचाळीस वर्षं घालवून ती मार्लकोटची झाली होती. गावात कुणी 'ते वरचे' म्हटलं तर आता तीही मान डोलवायची, दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तशी. मैदान गेलं तर ते हिच्यामुळे जाणार, आणि गाव म्हणणार, बाहेरची होती, शेवटी बाहेरच्याचं काम केलंन.

एकदा सांगायचा प्रयत्न केलाही. बेरिल कुत्रं फिरवत होती, एनिड सोबत तळ्यापर्यंत गेली.

"बेरिल, समजा," एनिड म्हणाली, "समजा कुणी विचारलं असेल म्हाताऱ्याला. कधीतरी. आपलं सहज."

"तर त्याला ह्याच तळ्यात बुडवीन." बेरिलनं कुत्र्याच्या तोंडातली काडी ओढून काढली. "आणि तुला सांगते, विचारणारा इथला नसणारच. आपल्या जागेत पाय ठेवायला इथल्या माणसाला कधी विचारावं लागलंय? तूच सांग, तू विचारलंस? मी विचारलं? आपण जुनी माणसं."

आपण म्हणाली. एनिडच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते वाऱ्यावर ढकललं. त्या एका शब्दासाठी ती काय वाटेल ते करायला तयार होती. तोंडाशी आलेलं तिनं गिळून टाकलं.

मग तिच्या मनानं घेतलं की चिठ्ठ्या. म्हाताऱ्यानं चिठ्ठ्या ठेवल्या असतील तर? गार्बेटच्या घराबाहेर भंगार टाकायचा मोठा लोखंडी डबा उभा होता, हिलरी आत आवराआवर करत होती. एनिड तीन दिवस त्या रस्त्यानं पिशवी घेऊन नुसती येरझारा घालत राहिली. चौथ्या दिवशी, भर दुपारी, आजूबाजूला कुणी नाही बघून ती डब्याच्या कडेवर ओणवी झाली. आत जुने पडदे, मोडका रेडिओ, वर्तमानपत्रांचे गठ्ठे. हात पुरेना म्हणून टाच उचलली. गठ्ठ्याखाली आपल्या निळ्या शाईतलं काही दिसतंय का म्हणून बघायला गेली आणि मागून आवाज आला.

"काही हरवलंय का आजी?"

एनिडनं हात झटकन बाहेर काढला. दारात हिलरी उभी होती, हातात झाडू.

"नाही. मी आपलं... बरण्या," एनिड म्हणाली. "बरण्या आहेत का बघत होते. मुरंब्याला लागतात."

"बरण्या नाहीत. काका कधीच ठेवत नसत, कुणाची तरी परत करायची असते म्हणायचे." हिलरी हसली. वाईट नव्हती बाई. "पडदे हवे तर न्या. कागद मात्र एकही नाही हं उरला. काकांच्या टेबलातले सगळे कागद वकिलाकडे दिले. खोकी भरून होते."

घरी येईपर्यंत एनिडला धाप लागली. वकिलाकडे. खोकी भरून. बेचाळीस चिठ्ठ्या, सगळ्यांखाली ई. टॅप्ली. तिनं दाराला आतून कडी घातली आणि तिथंच पायपुसण्यावर बसून राहिली. तिला वाटलं आजारी पडावं, पाय मोडावा, काहीतरी व्हावं. पण तब्येत अशी ठणठणीत, की साधी शिंकही येईना.

चौकशी मे महिन्यात गावच्या सभागृहात झाली. तिथंच एरवी दर गुरुवारी म्हाताऱ्यांचं जेवण असतं, त्यामुळे खोलीला कोबीचा वास होता. समोर टेबलामागे चौकशी अधिकारी, किडकिडीत, सारखे चष्मा पुसणारे. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला बिल्डरची वकील, मिस ड्रूरी. एनिडनं मनात एखादा गरजणारा पुरुष धरला होता. ही तर कॅरलपेक्षा लहान, हळू बोलणारी, प्रत्येक साक्षीदाराला आधी पाणी हवं का विचारणारी. त्यानं एनिड आणखीच घाबरली. ओरडणाऱ्यासमोर मान खाली घालून उभं राहायची तिला सवय होती, गोड बोलणाऱ्यासमोर काय करायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बेरिलनं साक्ष काय दिली, वा. जन्म इथला, आईचा जन्म इथला, आजीनं ह्याच तळ्यात बदकं पाळली. "परवानगी?" बेरिल म्हणाली. "माझ्या अंगणात जायला मी परवानगी घेत नाही, बाईसाहेब." सभागृहात हशा पिकला. अधिकाऱ्यांनीही चष्म्याआड हसू लपवलं. मग लेन झाला. मग नाव पुकारलं, मिसेस एनिड टॅप्ली.

खुर्चीपर्यंतची बारा पावलं ती कशी चालली ते तिलाच ठाऊक. पाणी हवं का विचारल्यावर तिनं नको म्हटलं, कारण पेला हातात धरता आला नसता.

"मिसेस टॅप्ली, फार वेळ घेणार नाही मी," मिस ड्रूरी म्हणाली. तिनं फाईल उघडली आणि प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढून समोर धरला. "हे अक्षर तुमचंच ना?"

निळी शाई. एनिडचं उजवीकडे झुकणारं अक्षर. बाकी तिला काही दिसलं नाही. डोळ्यांपुढे नुसतं पांढरं झालं.

"हो," ती म्हणाली. "माझंच. मी विचारलं होतं. दर जानेवारीत विचारत होते. मला माफ करा."

बाहेर बसनं ब्रेक मारला तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

मिस ड्रूरीनं हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग एनिडकडे. "मिसेस टॅप्ली, हा तुमचा नकाशा आहे. फॉर्मसोबत जोडलेला, मैदानात जायची वाट दाखवलेला. कुठल्या फाटकानं आत जायचात एवढंच मी विचारणार होते."

खोक्यांत चिठ्ठ्या नव्हत्याच. म्हाताऱ्यानं एकही ठेवलेली नव्हती. एनिड तोंड उघडं टाकून बसली.

पण वकील ती वकील. तिनं पेन उचललं आणि आवाज आणखी मऊ केला. "काय विचारत होतात आपण? सावकाश सांगा."

आणि एनिडनं सगळं सांगितलं. मार्मलेड, चिठ्ठी, चिठ्ठीतले शब्द. फक्त स्वतःसाठी? नाही, सगळ्यांसाठी. गावातल्या मुलांसाठी आणि आम्हा सगळ्यांसाठी, असंच लिहायचे. गार्बेट साहेब उत्तर देत? नाही. धुतलेली बरणी फाटकाच्या खांबावर ठेवत.

"त्या बरणीचा अर्थ तुम्ही काय घेत होतात?"

एनिडनं बेरिलकडे पाहिलं. बेरिल पहिल्या रांगेत होती, पुढे वाकलेली, आणि मान अगदी किंचित हलवत होती. नाही म्हण. मुरंबा संपला एवढाच अर्थ, असं म्हण. अजून सावरता येईल, म्हण. एनिडला ते लख्ख कळलं. एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. पण समोरची मुलगी पेन धरून थांबली होती, अधिकारी चष्मा काढून बघत होते, आणि ह्या सगळ्या माणसांसमोर दुसऱ्यांदा खोटं बोलायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"हो म्हणाले, असा," ती म्हणाली.

"आणि तुम्ही का विचारत होतात? बाकी कुणीच विचारलं नाही."

"कारण बाकीचे इथले होते," एनिड म्हणाली. "मला वाटायचं, आम्हाला घालवतील."

सभागृह रिकामं व्हायला लागलं तेव्हा एनिड खुर्चीतच होती. तिला वाटलं, आता बेरिल येईल आणि तिला फाडून खाईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. बेरिल आली, खुंटीवरचा एनिडचा कोट तिच्या मांडीवर ठेवला आणि "विसरशील" एवढंच म्हणून निघून गेली.

निकाल ऑक्टोबरात लागला. परवानगीनं वावर झालेला असल्यामुळे नोंद करता येत नाही. पाद्रीबाबांनी नाव न घेता प्रवचनात खरेपणाची महती सांगितली. एनिड शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. खरेपणा कसला, तिला पक्कं ठाऊक होतं. भीतीनं तोंड उघडलं आणि भीतीनंच ते मिटू दिलं नाही. तो कागद नकाशा आहे हे आधी कळलं असतं, तर ती डावीकडचं फाटक असं सांगून घरी गेली असती आणि मैदान गावाचं झालं असतं. हे तिनं कॅरललासुद्धा सांगितलं नाही.

पाच महिने ती ओरडा खायची वाट बघत राहिली. दार वाजलं की वाटायचं, आले. पण कुणी ओरडलं नाही. मार्लकोटमध्ये तशी पद्धतच नाही. दुकानात रांग असली तर माणसं बाजूला होत आणि म्हणत, "तुम्ही आधी घ्या, मिसेस टॅप्ली." लेन रस्त्यात भेटला की टोपी काढायचा. पूर्वी तो लांबूनच "काय म्हातारे, जिवंत का अजून?" असं ओरडायचा. आता टोपी काढतो, हवा छान आहे म्हणतो आणि जातो.

यंत्रं आली, ओकची झाडं पडली, तळं बुजलं. त्या आठवड्यात एनिड गुरुवारच्या जेवणाला गेली नाही. दुसऱ्या आठवड्यात गेली, कारण घरात बसून तो आवाज जास्त ऐकू यायचा. ताट घेऊन ती खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर बसली. शेजारची खुर्ची बेरिलची. एकोणीस वर्षं बेरिल तिथं यायची, ताट आदळायची, कोपरानं एनिडला सरकवायची आणि बसायच्या आधीच तिच्या ताटातला एक बटाटा उचलायची.

त्या दिवशी बेरिल ताट घेऊन आली आणि खुर्चीपाशी थांबली.

"मिसेस टॅप्ली," ती म्हणाली, "मी इथं बसले तर तुमची हरकत नाही ना?"

एनिडनं वर पाहिलं. चेहऱ्यावर थट्टा असेल, कुठेतरी ओठांच्या कोपऱ्यात, म्हणून तिनं नीट पाहिलं. नव्हती. बेरिल दोन्ही हातांत ताट धरून उभी होती आणि एनिड हो म्हणेपर्यंत उभीच राहणार होती. आजूबाजूच्या टेबलांवर चमच्यांचे आवाज थांबले होते.

"नाही," एनिड म्हणाली. "बसा ना."

"आभारी आहे," बेरिल म्हणाली, आणि मग बसली.